रानाची विरळणी व तिच्या खर्चाचें गणित

बाजरी उगवून दोन-तीन आठवडे झाले म्हणजे शेतांत विरळणी करतात, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. चांगलीं हिरवीं रोपें उपटून बांधावर टाकतांना लहान मुलांस वाईट वाटतें. पण घरांतील वडील माणसें सांगतात कीं, दोन काढलीं तर तिसरें पोसेल. जमिनींतील ओल तेवढीच, ऊन तेवढेंच. वाटेकरी कमी झाले म्हणजे राहिलेल्यांचा वाटा वाढतो.

रानाची गोष्टही अशीच आहे. दाट वाढलेल्या झाडांतून वांकडीं, रोगट व खुरटलेलीं झाडें काढून टाकलीं म्हणजे उरलेलीं जोमानें वाढतात. फरक इतकाच कीं, बाजरीचें रोप दोन बोटांनीं उपटतें, आणि रानांतलें ‘रोप’ दोन पुरुष उंच नव्हे, तर पांच-सहा पुरुष उंच असतें. तें पाडावें लागतें, त्याच्या फांद्या छांटाव्या लागतात, आणि उभ्या झाडांस धक्का न लावतां तें ओढून रस्त्यापर्यंत आणावें लागतें. या कामास पैसा लागतो. तो कोठून यावा, आणि थोड्या रानाच्या मालकानें त्यासाठीं कोणतीं यंत्रें विकत घ्यावीं, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

आपल्याकडे सागाच्या लागवडींत हा प्रश्न फारसा बिकट होत नाहीं. सागाचीं रोपें पुष्कळदां दोन-दोन मीटरांवर लावतात. म्हणजे एका हेक्टरांत २,५०० रोपें झालीं. त्यांपैकीं शेवटपर्यंत ठेवावयाचीं फार थोडीं. मधल्या वर्षांत जीं काढावयाचीं, त्यांच्या बल्ल्या व वासे होतात, आणि घराच्या छपरास, मांडवास, कुंपणास त्यांची मागणी असते. साग बारीक असला तरी साग तो सागच. परंतु ज्या रानांत काढलेल्या बारीक लांकडास गिऱ्हाईकच नाहीं, तेथें काय करावें? असें रान पाहण्यासाठीं वाचकांनीं आमच्याबरोबर अमेरिकेच्या पश्चिम भागांत, ॲरिझोना प्रांताच्या डोंगराळ मुलखांत यावें.

या मुलखांत पाँडेरोसा जातीच्या पाइन वृक्षांचीं मैलोगणती रानें आहेत. या झाडाची साल जाड असते, आणि झाड उंच होत जातें तशा त्याच्या खालच्या फांद्या गळून पडतात. पूर्वीं दर कांहीं वर्षांनीं विजेनें किंवा तेथील मूळच्या रहिवाश्यांनीं लावल्यामुळें खालच्या गवतास आग लागे. ती बुटकी आग गवत व कोंवळीं रोपें जाळून पुढें जाई. मोठ्या झाडांच्या जाड सालीस ती फार इजा करीत नसे. अशा रीतीनें विरळणीचें काम आगच करीत असे, आणि त्याची मजुरी कोणास द्यावी लागत नसे. त्या काळीं एका एकरांत सुमारें वीसपासून साठपर्यंत झाडें असत, आणि त्यांमधून गाडी हांकतां येई.

पुढें रेल्वे आली. मेंढ्या व गुरें यांचे मोठमोठे कळप आले व त्यांनीं गवत खाऊन टाकलें. मग आगीस पसरावयास कांहीं उरलें नाहीं. १९०५ सालीं अमेरिकेचें सरकारी वनखातें स्थापन झालें. पांचच वर्षांनीं, १९१० च्या आगस्टच्या २० व २१ तारखांस, उत्तरेकडील आयडाहो व मोंटाना प्रांतांत असा भयंकर वणवा पेटला कीं दोन दिवसांत सुमारें तीस लक्ष एकर रान जळालें, आणि ऐंशींहून अधिक माणसें मेलीं. त्यांत बहुतेक आग विझविणारे होते. त्या वणव्यांत एड पुलास्की नांवाच्या वनरक्षकानें आपल्या सुमारें पंचेचाळीस माणसांस खाणीच्या एका बोगद्यांत नेऊन कोंडून धरलें. त्यांपैकीं बहुतेक वांचले. एका बाजूस कुऱ्हाड व दुसऱ्या बाजूस कुदळ असें एक हत्यार त्याच्या नांवानें आजही ओळखलें जातें, व वणवा विझविणारे तें अद्याप वापरतात. या आपत्तीनंतर वनखात्यानें प्रत्येक आग विझविण्याचा निश्चय केला. १९३५ सालीं तर असा नियम झाला कीं, आज दिसलेली आग उद्यां सकाळीं दहाच्या आंत आटोक्यांत आलीच पाहिजे.

हेतु चांगला होता. परिणाम मात्र उलटा झाला. आग थांबली आणि रोपें वाढूं लागलीं. उत्तर ॲरिझोनांत १९१९ सालीं बीं व पाऊस यांचा असा योग जुळून आला कीं, रानभर रोपांचें जणूं कुरणच उगवलें. पूर्वीं गवताच्या आगीनें त्यांतलीं बहुतेक संपलीं असतीं. आतां तीं सगळीं राहिलीं. एकरास वीस-साठ झाडें होतीं तेथें कित्येकशें झालीं, आणि कोठें कोठें तीं हजाराच्याही वर गेलीं. तीं सारीं उपाशी. मनगटाएवढीं, मांडीएवढीं, आणि वयानें पन्नास-साठ वर्षांचीं. अशा रानांत आग लागली म्हणजे ती बारीक झाडांच्या शिडीनें वर चढते, व मोठ्या झाडांच्या शेंड्याशेंड्यांवरून धांवते. शेंड्यांची आग माणसाच्यानें विझत नाहीं. हॅरोल्ड वीव्हर नांवाच्या वनाधिकाऱ्यानें १९४३ सालींच लिहून ठेवलें होतें कीं, पाँडेरोसाच्या रानास अधूनमधून बुटकी आग पाहिजे. पण त्या वेळीं फार थोड्यांनीं त्याचें ऐकलें.

२००२ सालीं या मुलखांत रोडिओ-चेडिस्की नांवाच्या वणव्यानें साडेचार लाखांहून अधिक एकर रान व चारशेंहून अधिक घरें खाल्लीं. तेव्हां लोक जागे झाले. २००४ पासून व्हाइट मौंटन्स या डोंगरांत दहा वर्षांच्या एका मोठ्या ठेक्यानें विरळणी सुरू झाली, आणि ती प्रथम गांवांच्या भोंवतीं करण्यांत आली. २०११ च्या मे महिन्याच्या अखेरीस कोणी न विझवितां सोडलेल्या एका शेकोटीपासून ‘वॅलो’ वणवा पेटला. तो पांच लक्ष अडतीस हजार एकरांवर पसरला. ॲरिझोनाच्या इतिहासांत त्याहून मोठा वणवा नाहीं. तो शेंड्यांवरून धांवत अल्पाइन नांवाच्या खेड्याकडे आला. पण गांवाभोंवतीं विरळ केलेल्या पट्ट्यांत शिरतांच आग शेंड्यांवरून जमिनीवर उतरली, आणि विझविणाऱ्यांस तिच्याजवळ उभें राहतां आलें. या वणव्यांत दुसरीकडे कित्येक घरें गेलीं. अल्पाइन बहुतांशीं उभें राहिलें. विरळणीनें काय साधतें याचा याहून स्पष्ट पुरावा आम्हांस तरी माहीत नाहीं.

मग सगळीकडे विरळणी कां करीत नाहींत? खर्चामुळें. या ठेक्यांतसुद्धां लांकूड ठेकेदारास मिळत असून वर एकरामागें कित्येकशें डॉलर सरकारास द्यावे लागत. बारीक लांकडाचा खर्च इतका कां येतो, हें भूमितीचा एक सिद्धांत जाणणाऱ्या विद्यार्थ्यास चटकन् समजेल. सोळा फूट लांबीचे दोन ओंडके घ्या; एकाचा व्यास सहा इंच, दुसऱ्याचा अठरा इंच. व्यास तिप्पट, म्हणून लांकूड नऊपट. पण झाडाजवळ जाणें, तें पाडणें, फांद्या छांटणें, दोर बांधणें, ओढणें, गाडींत चढविणें हीं कामें दोन्हींस सारखींच. सहा इंची झाडास तीं नऊपटीनें कमी होत नाहींत. एका मोठ्या ओंडक्याएवढें लांकूड मिळविण्यास हें सारें नऊ वेळां करावें लागतें. शिवाय बारीक ओंडक्याच्या फळ्या अरुंद व गांठाळ निघतात, म्हणून भावही कमी. मेहनत नऊपट आणि मोल उणें, अशा कोंडींत हा धंदा सांपडलेला आहे.

आतां यंत्रांकडे वळूं. पहिलें हत्यार कुऱ्हाड, दुसरें दोघांनीं ओढावयाची करवत. तिसरें म्हणजे सांखळीची करवत, जिला सर्वत्र चेन-सॉ म्हणतात. जर्मनींतील आंद्रेआस श्टील यानें १९२६ सालीं विजेवर चालणारी व १९२९ सालीं पेट्रोलवर चालणारी अशी करवत काढली. पण ती दोघांनीं उचलावी लागे. तिच्या सांखळीचे दांतही साध्या करवतीसारखे असत व लवकर बोथट होत. पुढें १९४६ सालीं ऑरेगन प्रांतांत जोसेफ कॉक्स नांवाचा लांकूडतोड्या एका खुंटांतील भुंग्याची अळी पाहत बसला होता. ती अळी आपल्या दोन जबड्यांनीं एकदां डावीकडे व एकदां उजवीकडे असें लांकूड कुरतडीत सरळ आंत जात होती. त्यानें त्या जबड्यांच्या घडणीचे दांत आळीपाळीनें डावीकडे व उजवीकडे सांखळीस बसविले. आजच्या बहुतेक चेन-सॉ त्याच घडणीच्या आहेत. धड्यावरून नजर काढून किड्यामुंग्यांकडे पाहत बसणाऱ्या विद्यार्थ्यास ही गोष्ट आवडेल. त्यानें ती गुरुजींस फार वेळां सांगूं नये.

झाड पाडणें हें निम्मेंच काम. तें ओढण्यासाठीं शेतांतील ट्रॅक्टरच्या मागें बसणारें विंच नांवाचें यंत्र मिळतें. त्यांत पोलादी दोराचें रीळ असतें. ट्रॅक्टर वाटेवर उभा राहतो, दोर रानांत नेऊन झाडास बांधतात, आणि यंत्र तें ओढून आणतें. त्यामुळें ट्रॅक्टरास झाडांत शिरावें लागत नाहीं व जमीन तुडविली जात नाहीं. याच्या दुसऱ्या टोंकास मोठमोठीं यंत्रें आहेत. तीं झाड हातांत धरून बुंध्याशीं कापतात व जुडी करून ठेवतात. दुसरें यंत्र जुडी ओढतें. तिसरें फांद्या सोलून ओंडके पाडतें. हीं वीस-पंचवीस टनांचीं यंत्रें ओल्या जमिनीवर चाललीं तर खोल चाकोऱ्या पडतात. पण त्यांच्या वेगापुढें चेन-सॉ म्हणजे पळणाऱ्या घोड्यापुढें बैलगाडी.

यांतलें कोणतें घ्यावें? बहुतेक लोक किंमतीची पाटी पाहून ठरवितात, आणि आमच्या मतें चूक होते ती तेथेंच. आतां कागद-पेन्सिल घेऊं. पुढील आंकडे आम्हीं केवळ गणितापुरते मानले आहेत. व्याज व जुन्या यंत्राची विक्री हीं सोपेपणासाठीं सोडलीं आहेत. प्रत्यक्ष भाव स्थळ-काळाप्रमाणें बदलतात.

तीन मोठ्या यंत्रांचा संच दहा लक्ष डॉलरांस मिळतो असें धरूं. तो तासास १०० झाडें उरकतो. तीन चालक, तेल व दुरुस्ती मिळून तासास २५० डॉलर लागतात. हा संच निकामी होईपर्यंत १०,००० तास चालला, तर यंत्राच्या किंमतीपैकीं तासाच्या वांट्यास १०० डॉलर आले. एकूण ३५०, म्हणजे झाडामागें साडेतीन डॉलर. पण काम न मिळाल्यामुळें तो २,००० तासच चालला व मग जुनाट झाला, तर तासाच्या वांट्यास ५०० डॉलर येतात. एकूण ७५०, म्हणजे झाडामागें साडेसात डॉलर. यंत्र तेंच, झाडें तींच, माणसें तींच. दर मात्र दुपटीहून अधिक.

आतां लहान सामान घेऊं. ट्रॅक्टर घरचा आहे. विंच, दोन चेन-सॉ, डोक्याचें टोप, पायांचें चिलखत वगैरे मिळून ८,००० डॉलर. दोन माणसें तासास दहा झाडें पाडून ओढून आणतात; त्यांची मजुरी व तेलपाणी मिळून तासास ५० डॉलर. एका मालकाचें रान दहा एकर असून एकरामागें ३०० झाडें काढावयाचीं आहेत, म्हणजे ३,००० झाडें व ३०० तास काम. ८,००० डॉलर ३०० तासांवर वांटले तर तासास सुमारें २७ डॉलर. म्हणून झाडामागें ७ डॉलर ६७ सेंट. हा दर तर त्या रिकाम्या बसलेल्या दहा लाखांच्या संचाहूनही जास्त झाला! स्वस्त म्हणून घेतलेलें लहान सामान एकट्यानें घेऊन ३०० तासांनंतर खोपटांत टाकून दिलें, तर तें मोठ्याइतकेंच महाग पडतें.

परंतु शेजारच्या दहा मालकांनीं मिळून तेंच सामान घेतलें, तर १०० एकरांचें ३,००० तास काम होतें. तासाच्या वांट्यास २ डॉलर ६७ सेंट, व झाडामागें ५ डॉलर २७ सेंट पडतात. एकरामागें ७२० डॉलर वांचले. मध्यें एखादी चेन-सॉ बदलावी लागेल; तरी गणित फारसें हालत नाहीं. दरसाल हिंवाळ्यांत आठ-आठ तासांचे ७५ दिवस काम केलें तर पांच हिंवाळ्यांत सारें आटोपतें. खर्च लोखंडाच्या किंमतीचा नसून तें जितके दिवस रिकामें पडून राहतें त्या दिवसांचा असतो, हेंच आम्हांस या लेखांत मुख्यतः दाखवावयाचें आहे.

चौकस वाचक लगेच विचारील कीं, दहा मालक एक झालेच, तर साडेतीन डॉलरांनीं काम करणारा मोठा संच भाड्यानें कां आणूं नये? प्रश्न रास्त आहे. जमीन सपाट असेल, रस्ता चांगला असेल व ठेकेदार येत असेल, तर जरूर आणावा. तीं यंत्रें लांब गाडीवर घालून आणण्यास समजा ३,००० डॉलर लागले. दहा एकरांवर ते एकरास ३०० होतात, शंभर एकरांवर ३०. म्हणजे येथेंही एकीनेंच काम स्वस्त होतें. पण उभ्या चढणीवर, घरांच्या व तारांच्या मधल्या अडचणीच्या जागेंत हीं यंत्रें शिरत नाहींत. आणि ज्या लांकडास भाव नाहीं त्यासाठीं ठेकेदार आपलें काम सोडून येत नाहीं. विंच मात्र दाराशीं असतें.

दर कमी झाला तरी काढलेल्या लांकडाचें काय करावें हा प्रश्न उरतोच. जाडसर तें कुंपणाचे खांब व सरपण म्हणून जातें. व्हाइट मौंटन्समध्यें बारीक लांकडाचा भुसा दाबून शेगडींत जाळण्याच्या गोळ्या करणारा कारखाना निघाला, आणि लांकडाच्या चुऱ्यावर वीजही निर्माण करण्यांत आली. अशी गिरणी जवळ असली तर विरळणी चालते. ती शंभर मैलांवर असली तर वाहतूकच लांकडाचें मोल खाऊन टाकते.

कित्येक मालकांस वाटतें कीं, आपणच फिरती सॉमिल घ्यावी व फळ्या कापाव्या. पट्ट्याच्या करवतीची लहान गिरणी गाडीमागें जोडून रानांत नेतां येते, आणि बारीक लांकडास ती विशेष सोईची असते. सुतारकामाच्या वर्गांत ज्यांनीं करवत धरली आहे त्यांस ठाऊक आहे कीं, करवतीच्या जाडीएवढें लांकूड भुसा होऊन जातें. गोल पात्याची करवत पाव इंच खाते. इंचभर जाडीच्या फळ्या काढल्या तर दर सव्वा इंचामागें पाव इंच, म्हणजे पांचवा हिस्सा भुशांत गेला. पट्ट्याची करवत इंचाचा दहावा-बारावा भागच खाते. हें सारें खरें. तरी सॉमिल पहिल्यानें घेऊं नये असें आमचें मत आहे. कापलेली फळी वाळवावी लागते, सांठवावी लागते व विकावी लागते. ही सर्व दुसऱ्याच धंद्याचीं कामें आहेत. सॉमिल दिसावयास आकर्षक, म्हणून लोक ती आधीं घेतात, आणि झाडें ओढण्याचें साधन नसल्यामुळें ती ओंडक्यांची वाट पाहत बसते. आधीं विंच घ्यावें. फांद्यांचा चुरा करणारें यंत्र चार दिवस भाड्यानें आणावें. सॉमिल सर्वांच्या शेवटीं, आणि तीही गिऱ्हाईक ठरल्यावर.

फांद्यांच्या चुऱ्याचा उल्लेख केला त्याचें कारण असें कीं, छांटलेल्या फांद्या व शेंडे जागींच पडूं दिले तर वाळून वणव्यास इंधनच होतात. त्यांचा चुरा करावा, किंवा ढीग रचून हिंवाळ्यांत बर्फ असतांना, परवानगीनें जाळावे. ॲरिझोनांत आणखी एक शत्रु आहे. हिंवाळा सरतांना व वसंतांत कापलेल्या ओल्या लांकडांत सालीखालचे भुंगे अंडीं घालतात, आणि तेथून निघालेली पिढी उभ्या झाडांवर जाते. म्हणून काम पावसाळा सरल्यावर सुरू करून हिंवाळा संपण्यापूर्वीं आटोपणें बरें. सामाईक यंत्रावरून पहिलें भांडण होतें तें येथेंच. कारण तेच दोन-तीन महिने सर्वांस पाहिजे असतात. चिठ्ठ्या टाकून पाळी ठरवावी, व दुसऱ्या वर्षीं ती उलटी फिरवावी, म्हणजे शेवटचा तो पहिला होतो.

चेन-सॉ चालविणाऱ्यानें शिकून घेतल्याशिवाय तिला हात लावूं नये. पात्याच्या टोंकाची वरची बाजू लांकडास लागली तर करवत उसळून चालविणाऱ्याच्या तोंडाकडे येते, आणि तें इतक्या वेगानें कीं हात मागें घेण्यास अवकाश राहत नाहीं. टोप व पायांचें चिलखत यांचे पैसे आम्हीं वर किंमतींत धरले ते मुद्दाम. काटकसर करावयाची तर ती तेथें करूं नये.

सामाईक सामानाच्या करारांत पैशाचीं कलमें सर्वजण नीट लिहितात. विंचचा दोर प्रत्येक मालकाकडून परत येतांना वांवभर तपासून घ्यावा, तुटक्या तारा दिसल्या तर तो बदलावा, आणि चेन-सॉची सांखळी धार लावूनच पुढच्याच्या हवालीं करावी, हें मात्र लिहावयाचें राहून जातें. बोथट सांखळीनें तासास दहाच्या जागीं सहाच झाडें पडतात; आणि मग वरचें सारें गणित पुन्हां पहिल्यापासून मांडावें लागतें.